टाकाऊतून टिकाऊ : राडारोड्याची खडी आणि आमचा नववीचा वर्ग



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आपल्या शाळांमध्ये एकच गडबड सुरू होते. 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय तर ठरलेलाच असतो. बाटलीची कुंडी, जुन्या सीडीचं घड्याळ, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. मीही कित्येक वर्षं मुलांकडून हेच करून घेतलंय. प्रदर्शन संपलं की ती कुंडी आणि ते घर दोन्ही कचऱ्याच्या डब्यात जातात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पण तो पुढचा भाग आपण कुणाला सांगत नाही.

मागच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला सांगितलं, "यंदा घरातला कचरा नको. शाळेत येताना रस्त्यावर जो सगळ्यात जास्त दिसतो, तो कचरा शोधून आणा." मला वाटलं होतं प्लास्टिक येईल. पण आमची शाळा सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. इथं दर दोन गल्ल्यांआड एखादी जुनी सोसायटी पाडून नवीन टॉवर चाललेला असतो. मुलांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'राडारोडा'.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. घर पाडल्यावर किंवा दुरुस्तीत जे निघतं, म्हणजे विटांचे तुकडे, स्लॅबचे तुकडे, गिलावा, फुटक्या फरश्या, माती, त्या सगळ्याला आम्ही पुणेकर राडारोडा म्हणतो.

"हा जातो कुठे?" मी विचारलं.

"टेकडीवर," एक जण म्हणाला. "ओढ्यात," दुसरी म्हणाली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फारसं बोलत नाही, उभा राहिला. "मॅडम, माझे पप्पा डंपर चालवतात. रात्री नदीपात्रात टाकतात."

वर्ग एकदम शांत झाला. दोघं-तिघं हसले. मला काय बोलावं सुचेना. घनकचरा व्यवस्थापनाचा भाग शिकवताना आपण 'बेजबाबदार नागरिक' असा शब्द अगदी सहज वापरतो. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आणि त्याचं कारण फक्त तो मुलगा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी माझं स्वयंपाकघर नवीन केलं. जुना ओटा, फरशी, गिलावा मिळून चाळीसएक गोण्या निघाल्या. एका टेम्पोवाल्याला पैसे दिले, त्यानं त्या उचलल्या. कुठं नेणार, हे मी विचारलं नव्हतं. खाली पार्किंग स्वच्छ झालं, एवढंच मी पाहिलं.

तर मंडळी, हा लेख त्या राडारोड्याविषयी आहे. तो टाकायचाच असतो का, की त्याची पुन्हा खडी होऊ शकते, हे आम्ही वर्गात कसं शिकलो आणि कुठं चुकलो, ते सांगते. तुम्हाला वर्गात किंवा घरी वापरता येईल असंही थोडं त्यात आहे.

काँक्रीट म्हणजे चिक्की

आधी काँक्रीट समजून घेऊ. मुलांना मी लोणावळ्याच्या चिक्कीचं उदाहरण देते. गुळाचा पाक म्हणजे सिमेंट आणि पाणी. शेंगदाणे म्हणजे खडी. मधल्या फटी भरणारं कूट म्हणजे वाळू. पाक सगळ्यांना धरून ठेवतो, पण चिक्कीत जास्त काय असतं? शेंगदाणेच! तसंच काँक्रीटच्या एकूण आकारमानात साधारण ६० ते ७५ टक्के खडी आणि वाळूच असते. सिमेंटची जाहिरात टीव्हीवर दिसते, पण आपण राहतो ते खरं तर दगडांच्या घरात.

हा दगड येतो कुठून? पुणे दख्खनच्या पठारावर वसलेलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. खडीसाठी उत्तम दगड. घट्ट, जड, पाणी फारच कमी पिणारा. नगर रस्त्यावर वाघोलीकडं गेलात तर दगडखाणी आणि क्रशर दिसतात. या खाणींवर काम करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेनं पाषाण शाळा सुरू केल्या, हे आपल्यातल्या अनेक शिक्षकांना माहीत असेल. आपल्या स्लॅबमधली खडी कुणाच्या तरी आईवडिलांच्या हातून आली आहे, हेही मुलांना सांगायला हवं.

वाळूचंही तसंच. नदीतली वाळू बेसुमार उपसल्यामुळे नद्यांची पात्रं खरवडली गेली. आता पुण्यात बहुतेक बांधकामांवर दगड दळून केलेली क्रश सँड वापरतात. म्हणजे नदी थोडी वाचली, पण डोंगरावरचा भार वाढला.

आता गंमत बघा. एका टोकाला आपण डोंगर फोडून खडी आणतो. दुसऱ्या टोकाला जुनी इमारत पाडून त्याच डोंगराचे तुकडे नदीत टाकतो. मुलांनी हे चित्र फळ्यावर काढलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे दोन बाण जोडायचे राहिलेत का?" माझ्या मते अख्ख्या विषयाचा सारांश त्या प्रश्नात होता.

बाण जोडण्याचे प्रयत्न

हा विचार नवा नाही. आपल्या जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी घालत, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतली शहरं ढिगाऱ्याखाली होती, तेव्हा तिथं विटा फोडून त्याची खडी करून नवं काँक्रीट बनवलं गेलं. बांगलादेशात चांगला दगड फारसा मिळत नाही, म्हणून तिथं विटा फोडून त्यांचीच खडी सर्रास वापरतात.

भारतात दिल्लीला बुराडी इथं २००९ मध्ये राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडं पुणे महापालिकेचा प्रकल्प वाघोलीला आहे आणि पिंपरी-चिंचवडचा मोशीला. अशा प्रकल्पात राडारोडा आधी निवडतात. लोखंड, लाकूड, प्लास्टिक बाजूला काढतात. मग तो क्रशरमध्ये फोडतात, चाळण्यांवर वेगवेगळ्या आकारात चाळतात. त्यातून पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे कर्ब, भरावाची खडी असा माल निघतो. ज्या वाघोलीत दगड फुटून खडी होते, त्याच वाघोलीत इमारत फुटूनही खडी होते. मुलांना हा योगायोग फार आवडला.

कायदाही आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्यानं तो काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असा वेगळा करून द्यायचा. सरकारी कामांच्या कंत्राटात १० ते २० टक्के माल या कचऱ्यापासून बनलेला वापरायचा, असंही त्यात होतं. २०२५ मध्ये त्याजागी नवे नियम जाहीर झाले आणि मोठ्या प्रकल्पांची जबाबदारी आणखी वाढवली.

आणि भारतीय मानक आय.एस. ३८३. खडी-वाळू कशी असावी हे सांगणारं हे मानक आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत पहिल्यांदा डोंगर-नदीबाहेरच्या खडीला रीतसर जागा मिळाली. लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग आला, तांब्याचा स्लॅग आला आणि राडारोड्याची खडीही आली. पण मर्यादा घालून. त्या मर्यादा मी मुलांना वहीत लिहून दिल्या :

- जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी : सळया नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत.
- सळया असलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम २५ दर्जापर्यंतच.
- एम १५ पेक्षा कमी दर्जाच्या, पायाखालच्या कोब्यासारख्या हलक्या कामात १०० टक्के चालते.
- विटा, गिलावा, फरशी सगळं मिसळलेल्या राडारोड्याची खडी : फक्त त्या हलक्या कामातच.

एम २५ म्हणजे काय, हे गणिताच्या तासाला घेण्यासारखं आहे. १५ सेंटिमीटर बाजू असलेला काँक्रीटचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून मशिनमध्ये दाबतात. एका चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन इतका भार पेलला तर तो एम २५. ठोकळ्याच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. म्हणजे एकूण भार ५,६२,५०० न्यूटन, साधारण ५७ टन! आठ किलोचा ठोकळा एवढं वजन पेलतो, हे उत्तर आल्यावर मुलांनी दोनदा गुणाकार तपासून पाहिला.

आमचा प्रयोग, आणि तो कसा फसला

पण मर्यादा का? 'मानकात लिहिलंय' हे विज्ञानाच्या तासाचं उत्तर होऊ शकत नाही. म्हणून आम्ही एक अगदी सोपा प्रयोग केला. तुम्हीही करून बघा.

तीन प्रकारचे तुकडे घेतले. काळी खडी, जुन्या स्लॅबचे तुकडे आणि विटेचे तुकडे. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवले. प्रत्येकी एक किलो मोजून वेगवेगळ्या बादल्यांत २४ तास भिजत ठेवले. मग बाहेर काढून, फडक्यानं पुसून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा वजन केलं. काळ्या खडीचं वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅमनं वाढलं. स्लॅबच्या तुकड्यांचं पन्नासेक ग्रॅमनं. आणि विटेचे तुकडे सव्वाशे ग्रॅमच्याही पुढे गेले. (साधी वीट आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते, तेवढं मानकालाही मान्य आहे.)

कारण उघड आहे. जुन्या काँक्रीटच्या तुकड्यात आत काळी खडी असते, पण तिला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. तो थर सच्छिद्र असतो. अशी कोरडी खडी मालात घातली की ती पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मग गवंडी वरून आणखी पाणी ओततो, आणि जास्त पाणी म्हणजे कमी ताकद. चिक्कीचा पाक पातळ झाला तर काय होतं ते सांगायला नको!

मग आम्ही ठोकळे बनवायला घेतले. साचे म्हणून श्रीखंडाचे रिकामे डबे, आतून तेलाचा हात लावलेले. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. 'अ' गटानं सगळी काळी खडी घेतली. 'ब' गटाला उत्साह फार. त्यांनी खडीच्या जागी १०० टक्के राडारोडा घातला, शेजारच्या साइटवरून गोणीभर जसाच्या तसा आणलेला. पोस्टरसुद्धा आधीच तयार : 'शंभर टक्के कचऱ्यापासून काँक्रीट!'

दुसऱ्या दिवशी डबा उलटा केला तर 'ब' गटाच्या ठोकळ्याची एक कड हातात आली. २८ दिवस हौदात ठेवूनही तो सुधारला नाही. कमरेइतक्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडला आणि पहिल्याच फटक्यात त्याचे चार तुकडे झाले. तुकड्यांत पाहिलं तर पांढरे ठिपके. छताचं पीओपी होतं ते. जोडीला लाकडाची ढलपी आणि माती. पीओपी म्हणजे जिप्सम. सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यातच त्यात थोडं जिप्सम घालतात, पण बाहेरून जास्तीचं मिसळलं की काँक्रीट आतून फुगतं, तडकतं. माती असली तर सिमेंट खडीला धरतच नाही.

'ब' गट रडवेला झाला. प्रदर्शन सहा आठवड्यांवर आलं होतं. गटाची प्रमुख मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, आपण 'अ' गटाचाच एक ठोकळा आमचा म्हणून ठेवू या का? कुणाला कळणार आहे?"

खरं सांगू का? क्षणभर माझ्याही मनात आलं, ठेवू या. मुलांची मेहनत होती, शाळेचं नाव होतं. आणि दिसायला सगळे ठोकळे सारखेच राखाडी. पण मग लक्षात आलं की खऱ्या इमारतीतही हेच होतं. वरून सगळं राखाडी, आत काय आहे ते कुणाला कळणार आहे! मी नाही म्हटलं. फुटलेले तुकडे एका ताटात ठेवायला सांगितले आणि नवीन 'क' गट करू या म्हटलं. अजून २८ दिवस आपल्या हातात होते.

डंपरवाल्या पप्पांची भेट

याच दरम्यान त्या मुलाचे वडील शाळेत आले. मला वाटलं भांडायला आले असतील. ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, पोरगं घरी येऊन विचारतं, पप्पा तुम्ही नदीत का टाकता. काय सांगू त्याला?"

मी त्यांना बसवलं. ते बोलत राहिले. "खेपेवर पैसे आहेत आमचे. वाघोलीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, डिझेल वेगळं. मालक म्हणतो जवळपास बघ. घरवाले म्हणतात संध्याकाळपर्यंत उचला. पण कुठं टाकणार, हे आजपर्यंत मला एकानंही विचारलेलं नाही."

मी त्यांना माझ्या चाळीस गोण्यांचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मग तुम्ही पण आमच्यातल्याच."

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "त्या पोस्टरवर माझं काही येणार नाही ना?" मी शब्द दिला, नाही येणार.

निघताना त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात इतकं सोपं करून मिळालं नव्हतं. "तुमच्या पोरांनी माल चुकीचा उचलला मॅडम. सगळं पाडून झाल्यावर जे उरतं तो कचरा. पाडतानाच स्लॅब वेगळा, विटा वेगळ्या काढल्या तर तो माल असतो. लोखंड बघा, एक सळई कधी नदीत सापडते का? कारण भंगारवाला पैसे देतो."

खरंच की! २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला, ते मुलांनी टीव्हीवर पाहिलं होतं. काँक्रीट फुटलं, पण सळया काही ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या आणि त्या तोडायला मशिन लावावी लागली. त्या सळईला बाजारात किंमत आहे. काँक्रीटच्या तुकड्याला ती मिळाली तर तोही नदीत जाणार नाही. २०१६ च्या नियमांत सरकारी कामात १० ते २० टक्के वापराची अट घालण्यामागं हाच विचार होता. माल तयार करून चालत नाही, तो घेणारं गिऱ्हाईक लागतं.

चार दिवसांनी त्या मुलानं दोन गोण्या आणल्या. निव्वळ स्लॅबचे तुकडे, माती झाडलेली. पप्पांनी साइटवर स्वतः निवडून दिले होते. 'क' गटानं ते हातोडीनं बारीक केले, चाळले, रात्रभर भिजवले, वरचं पाणी पुसलं आणि चारातला एक भाग म्हणून वापरले. बाकी तीन भाग काळी खडी. २८ दिवसांनी तो ठोकळा आणि 'अ' गटाचा ठोकळा त्याच उंचीवरून पाच-पाच वेळा सोडले. दोन्हींचे कोपरे झिजले, फुटला एकही नाही. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, हे मुलांनी स्वतःच पोस्टरवर लिहिलं.

पोस्टरवर कुणाचं नाव?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शेवटचा पेच उभा राहिला. मुलांना 'राडारोडा नदीत कोण टाकतं?' असा एक तक्ता लावायचा होता. आणि ते योग्यच होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या काही मुलांच्या नातेवाइकांची घरं पाण्यात गेली होती. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, ते तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पावसाचं आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचं कारण असतंच, पण पात्रात आणि ओढ्यात भराव टाकला की पाण्याला जायला जागा कमी उरते, हे पाचवीतलं मूलही सांगेल.

पण 'कोण टाकतं' याचं उत्तर वर्गाच्या लेखी एकच होतं, डंपरवाला. आणि त्याचा मुलगा त्याच वर्गात बसला होता.

आम्ही पूर्ण तास यावर बोललो. शेवटी तक्त्यात एका ओळीऐवजी पाच ओळी आल्या. घर पाडणारा. वेगळं न करता एकत्र ढीग करणारा. कमी पैशात लवकर उचला म्हणणारा. गाडी चालवणारा. आणि बघूनही न विचारणारा. प्रत्येकापुढं 'तो काय करू शकतो' असा एक रकाना. तिसऱ्या ओळीपुढं उदाहरण म्हणून मी माझं नाव लिहायला लावलं : 'आमच्या मॅडम, चाळीस गोण्या.' मुलांना फार मजा वाटली. मला लाज वाटली, पण ते खरं होतं. चौथ्या ओळीपुढं कुणाचंही नाव नव्हतं. त्या मुलानं तिथं फक्त एवढंच लिहिलं, 'जवळ केंद्र असेल तर तिथं नेईल.'

परीक्षक आले. ताटातले तुकडे पाहून म्हणाले, "हे फेल गेलेलं मॉडेल कशाला ठेवलंय?" 'ब' गटाची ती मुलगी म्हणाली, "सर, त्यात पीओपी आणि माती होती. आम्ही निवडलं नव्हतं. म्हणून ठेवलंय." त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. बक्षीस सेन्सरवाल्या कचराकुंडीला मिळालं.

वर्गात किंवा घरी करून बघणार असाल तर

काही गोष्टी आवर्जून सांगते.

१. पाण्यात भिजवून वजन करण्याचा प्रयोग सातवीपासून पुढं सहज जमतो. शेकडेवारीचं गणित त्यात आपोआप होतं : वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

२. तुकडे फोडताना चष्मा आणि मास्क हवाच. काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. ओले करून फोडा. सिमेंट उघड्या हातानं कालवू देऊ नका, त्यानं कातडी भाजते. रबरी हातमोजे घाला.

३. जुने सिमेंटचे पत्रे कधीही फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू श्वासातून गेले तर गंभीर आजार होतात. मुलांना तो तुकडा हातातही देऊ नका.

४. इंटरनेटवर पाहून मुलं विचारतात, काच, प्लास्टिक, करवंटी चालेल का? करवंटीचं काँक्रीट हलकं होतं, पण ती पाणी खूप पिते. प्लास्टिकला सिमेंट नीट धरत नाही, त्यामुळं ताकद घटते. काचेतल्या सिलिकाची सिमेंटमधल्या अल्कलीशी प्रक्रिया होऊन फुगणारा जेल तयार होऊ शकतो आणि काँक्रीटला तडे जातात. म्हणजे 'कचरा वापरला' एवढ्यानं काम होत नाही. तो आत गेल्यावर काय करतो ते पाहावं लागतं. आणि मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचा प्लास्टिकचा रस्ता डांबराचा आहे, काँक्रीटचा नाही. मुलं हे नेहमी गल्लत करतात. औष्णिक वीज केंद्रातली उडती राखही मुख्यतः सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरतात, खडीऐवजी नाही.

५. पालकांनो, घरच्या राडारोड्यापासून स्वतःच स्लॅब, कॉलम, जिना करायचा विचार चुकूनही करू नका. बागेतली वाट, कुंडीखालचा ठोकळा इतपत ठीक.

६. घराची दुरुस्ती काढलीत तर काम सुरू होण्याआधीच चार कोपरे ठरवा. एकात काँक्रीट आणि विटा, दुसऱ्यात पीओपी, तिसऱ्यात लाकूड-काच, चौथ्यात लोखंड. नंतर निवडणं जवळपास अशक्य असतं. आणि उचलणाऱ्याला विचारा, कुठं नेणार? लांब न्यायचे जास्त पैसे मागितले तर ते द्यायची तयारी ठेवा. फुकटात नदी वाचत नाही.

जाता जाता

त्या मुलाचे वडील अजूनही डंपर चालवतात. सगळ्या खेपा वाघोलीला जातात का? नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरवाल्यानं भाडं दिलं तर जातो, नाहीतर नाही." मुलगा आता दहावीला आहे.

गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. कार्पेट एरिया, पार्किंग, भाडं, सगळ्यावर तीन तास चर्चा झाली. शेवटी मी हात वर करून विचारलं, "आपली चार मजल्यांची इमारत पाडल्यावर राडारोडा कुठं जाणार?" बिल्डरचा माणूस म्हणाला, "ते आम्ही बघून घेऊ, मॅडम." मी म्हटलं, "बघून घेऊ नका, करारात लिहा." दोन-तीन जण वैतागले. एक काका म्हणाले, "बरोबर आहे, लिहा." ते इतिवृत्तात आलंय. करारात येतं का, ते बघायचंय.

तुमच्या शाळेजवळ असा ढीग असेल तर एकदा मुलांना घेऊन लांबूनच बघा आणि विचारा, यात काय काय आहे? कशाची खडी होईल, कशाची नाही? आणि हे इथं कुणी कुणी आणलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना थोडं आपल्याही घराकडं बघा.

तुमचे अनुभव नक्की कळवा.